पन्हळीचा ढाळ चुकला की छप्पर कसे खराब होते: तपासणी आणि दुरुस्तीची सविस्तर पद्धत

उतरत्या छपराला गळती लागली की आधी कौले, पत्रे आणि त्यांचे स्क्रू तपासले जातात, आणि गळती छपराच्या मध्यावर असेल तर ते योग्यच आहे. परंतु ओल वळचणीपासून दोन-तीन फुटांच्या पट्ट्यातच दिसत असेल, तिथल्या वाशांची टोके काळी पडली असतील किंवा बाहेरच्या भिंतीच्या वरच्या भागाला पोपडे आले असतील, तर छपरावर चढण्यापूर्वी पन्हळीचा ढाळ तपासावा. पन्हळीच्या पुढच्या कडेवरून सांडणारे पाणी सर्वांना दिसते, त्यामुळे त्याची तक्रारही लवकर होते. छपराचे खरे नुकसान मात्र मागच्या कडेवरून लाकडात शिरणारे पाणी करते आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून या लेखातील सगळी तपासणी त्या मागच्या कडेला धरून मांडली आहे.

पाणी छपरात कसे शिरते

वाशांची टोके झाकणारी जी आडवी फळी असते तिला फेशिया म्हणतात, आणि बहुतेक पन्हळी या फळीवरच ब्रॅकेटने बसवलेल्या असतात. ढाळ योग्य असेल तर पावसाचे पाणी पन्हळीत पडताच उभ्या पाइपकडे वाहू लागते. ढाळ कमी असेल किंवा उलटा असेल, तर पाणी एखाद्या ठिकाणी थबकते, त्याबरोबर वाहत आलेली माती, पाने आणि शेवाळ तिथेच बसतात, आणि प्रत्येक सरीनंतर तो थर थोडा वाढतो. पन्हळीची खोली अशी आतून कमी होत गेली की मोठ्या सरीत पाणी दोन्ही कडांपर्यंत चढते.

हे पाणी केवढे असते याचा अंदाज सहज करता येतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी जमते. ५० चौरस मीटरच्या एका पाख्यावर तासाला ६० मिलिमीटर वेगाने पाऊस पडत असेल, तर पन्हळीत दर मिनिटाला ५० लिटर पाणी येते. एवढे पाणी तिथल्या तिथे थांबले, तर पुढची कड ओलांडून ते खाली पडते आणि मागची कड ओलांडून फेशियावर उतरते. फेशियाच्या मागे वाशांची टोके असतात, त्यांच्यावर फळ्यांचे किंवा रिपांचे आच्छादन असते, आणि ओल पोहोचण्याचा क्रमही तोच असतो.

वळचणीचे पाणी आढ्याला चढत नाही, हे म्हणीपुरते खरे आहे. पण थोडेसे चढते आणि नुकसानीला तेवढे पुरते. पत्र्याच्या कडेखाली, कौलाच्या पोटाशी किंवा फळी आणि पन्हळ यांच्यामधल्या अरुंद फटीत पाणी केशाकर्षणाने वर ओढले जाते. पन्हळीत पाणी साचून त्याची पातळी छपराच्या कडेला टेकली की ही फट सतत ओली राहते. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली असेल तर त्याला सहसा कूज लागत नाही. ते दीर्घकाळ त्याच्या बरेच वर राहिले की बुरशी वाढू लागते. कुजलेल्या फळीत स्क्रू धरत नाहीत, ब्रॅकेट सैल होतात, पन्हळ आणखी झुकते आणि तिथे आणखी पाणी साचते. या दोषाची हीच सर्वांत वाईट बाजू आहे: तो स्वतःच स्वतःला वाढवत नेतो.

वजनाचाही विचार करावा. १२५ मिलिमीटर रुंदीच्या सपाट तळाच्या पन्हळीत तीन मीटर लांबीभर चार सेंटिमीटर पाणी साचले, तर ते सुमारे १५ किलो भरते, आणि त्यात ओला गाळ असेल तर भार त्याहूनही जास्त होतो. वाहत्या पाण्यासाठी बसवलेल्या ब्रॅकेटवर हा भार दिवसचे दिवस राहिला तर ते वाकतात किंवा फळीतून उपटून येतात, आणि कित्येकदा फेशियाबरोबर छपराच्या कडेची पट्टीही ओढली जाते.

पत्र्याच्या पन्हळीला साचलेल्या पाण्यामुळे गंज लागतो. कुजणाऱ्या पानांच्या थराखाली जस्ताचा लेप लवकर झिजतो आणि तळाला टाचणीएवढी छिद्रे पडतात. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात आणखी एक अडचण येते, कारण पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि साचलेल्या पाण्याचा बर्फ जोड उखडतो. छपराच्या कडेवर बर्फाचा बांध तयार होण्याचे मूळ कारण बहुधा घरातून छपरात झिरपणारी उष्णता असते, त्यामुळे तिथे केवळ ढाळ दुरुस्त करून भागत नाही. पण गोठलेली, भरलेली पन्हळ त्या बांधाला आधार देते हेही खरे आहे. शिवाय साचलेले पाणी आठवडाभर टिकले तर उबदार हवामानात त्यात डासांची एक पिढी तयार होऊ शकते, ही बाब छपराशी संबंधित नसली तरी दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

ढाळ किती असावा

सर्वसाधारणपणे दर तीन मीटरला ६ ते १२ मिलिमीटर, म्हणजे मीटरमागे २ ते ४ मिलिमीटर ढाळ पुरतो. जमिनीवरून पाहताना एवढा ढाळ जवळजवळ जाणवत नाही, आणि म्हणूनच पन्हळ डोळ्यांना समपातळीत दिसते एवढ्यावरून ती चुकीची आहे किंवा बरोबर आहे, यांपैकी काहीच ठरवू नये. सुमारे १२ मीटरपेक्षा लांब पन्हळ असेल तर सगळे पाणी एकाच टोकाला नेण्याऐवजी मध्यभाग उंच ठेवून दोन्ही टोकांकडे ढाळ द्यावा आणि दोन्हीकडे उभे पाइप बसवावेत.

ढाळ जास्त दिला म्हणजे पाणी अधिक चांगले जाईल, ही समजूत मात्र सोडून द्यावी. लांब पन्हळीला फार ढाळ दिला की खालच्या टोकाला पन्हळ आणि छपराची कड यांच्यात मोठे अंतर पडते, आणि वाऱ्याच्या सरीत पाणी त्या अंतरातून थेट फेशियावर जाते. वरचे टोक कोरडे आणि खालच्या टोकाची फळी कुजलेली असेल, तर ढाळ कमी असण्याऐवजी जास्त असल्याची शक्यता तपासावी.

लांबीच्या ढाळाबरोबर आडवी पातळीही पाहावी लागते. पन्हळीची पुढची कड मागच्या कडेपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर खाली असावी, म्हणजे पाइप तुंबला तरी पाणी बाहेरच्या बाजूला सांडते आणि लाकडापासून दूर राहते. कित्येक पन्हळी नेमक्या उलट, घराकडे कललेल्या आढळतात, कारण ब्रॅकेट पुढून वाकले तरी सरळ करताना फक्त पुढची कड वर ढकलली जाते. माझ्या मते लांबीचा ढाळ थोडा कमी असणे चालेल, पण मागची कड खाली असणे चालणार नाही.

दोष कसा ओळखावा

तपासणीची उत्तम वेळ म्हणजे जोराचा पाऊस चालू असताना आणि तो थांबल्यानंतर तासाभराने. पाऊस चालू असताना जमिनीवरूनच पाहावे: पाणी पन्हळीच्या एकाच जागेवरून सांडते का, उभ्या पाइपमधून पाऊसमानाच्या हिशेबाने पाणी येते का, आणि पन्हळीच्या मागून भिंतीवर ओघळ येतो का. पाऊस थांबल्यावर कुठे थेंब पडत राहतात ते पाहावे, कारण साचलेले पाणी जवळच्या जोडातून हळूहळू झिरपत असते.

कोरड्या दिवसांतही खुणा सापडतात. पन्हळीच्या आतल्या बाजूस पाण्याच्या पातळीची मळकट रेघ उमटलेली असते. ही रेघ पन्हळीच्या तळाला समांतर नसून एका ठिकाणी उंच चढत असेल, तर तिथेच खोलगट भाग आहे असे समजावे. पन्हळीत उगवलेली रोपटी, वळचणीखालच्या छताला पडलेले पिवळट डाग, फेशियाच्या रंगाला आलेले फुगे आणि पन्हळीच्या बरोबर खाली जमिनीत पडलेला चर या खुणाही त्याच दोषाकडे बोट दाखवतात.

येथे एक सावधगिरी बाळगावी. तुंबलेला उभा पाइप आणि चुकलेला ढाळ यांची लक्षणे बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून ब्रॅकेटला हात लावण्यापूर्वी पन्हळ पूर्ण स्वच्छ करून पाइपमध्ये वरून पाणी सोडून पाहावे. निम्म्याहून अधिक मेहनत वाचवू शकेल अशी ही पायरी आहे.

शिडी आणि सुरक्षितता

काम कोरड्या, वारा नसलेल्या दिवशी आणि सोबत एक माणूस घेऊनच करावे. शिडी टेकण्याची जागा चार मीटर उंचीवर असेल तर शिडीचा पाया भिंतीपासून एक मीटर दूर असावा. शिडी पन्हळीवर कधीही टेकवू नये, कारण आपल्या वजनाने पन्हळ वाकते आणि दुरुस्त करायला गेलेला दोष तिथेच नव्याने तयार होतो. शिडीला भिंतीवर टेकणारा आधार जोडून घ्यावा. वळचणीजवळून जाणाऱ्या विजेच्या तारा आधी पाहून ठेवाव्यात आणि तिथे धातूची शिडी वापरू नये. छपराचे जुने सिमेंट पत्रे ॲस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता असेल तर त्यांना छिद्र पाडणे, कापणे किंवा घासणे पूर्णपणे टाळावे. दोन मजल्यांच्या उंचीवरचे काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे.

मोजणी

छोट्या स्पिरिट लेव्हलने हा दोष पकडता येत नाही. मीटरमागे दोन मिलिमीटरचा ढाळ फूटभर लांबीच्या लेव्हलवर जेमतेम अर्धा मिलिमीटर भरतो, आणि पन्हळीच्या पत्र्याला आलेला छोटा पोचाही त्याहून मोठा असतो. त्यासाठी गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची लेव्हल नळी सर्वांत भरवशाची आहे. नळीत पाणी भरताना आत हवेचा बुडबुडा राहणार नाही याची खात्री करावी. बुडबुडा राहिला तर दोन्ही टोकांची पातळी खोटी दिसते. त्याची परीक्षा सोपी आहे: दोन्ही टोके शेजारीशेजारी धरावीत, पाणी एकाच उंचीवर स्थिरावले तरच नळी वापरावी.

या नळीने फेशियाच्या दोन्ही टोकांना समान उंचीची खूण करून घ्यावी आणि त्या दोन खुणांमध्ये पातळ नायलॉनची लाइनदोरी ताणून बांधावी. दोरीला झोळ राहू देऊ नये. लांबी जास्त असेल तर मध्ये एक खिळा मारून, त्याची पातळीही नळीनेच तपासून, दोरीला आधार द्यावा. मग दर ६० सेंटिमीटरवर दोरीपासून पन्हळीच्या तळापर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. पाइपकडे जाताना हे अंतर सतत वाढत गेले पाहिजे. जिथे ते वाढून पुन्हा कमी होते तिथे पाणी साचते.

केवळ दोन टोके मोजणे का पुरत नाही, ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. सहा मीटर लांब पन्हळीचे वरचे टोक दोरीपासून १०० मिलिमीटरवर आणि पाइपचे टोक ११२ मिलिमीटरवर आहे, म्हणजे ढाळ मीटरमागे २ मिलिमीटर, अगदी नियमात. मध्यभागी हे अंतर १०६ असायला हवे. पण तिथला ब्रॅकेट सैल झाल्यामुळे ते १२१ भरते. आता मध्यभाग पाइपच्या टोकापेक्षा ९ मिलिमीटर खाली आहे आणि तिथले पाणी पाइपकडे कधीच जाणार नाही. बसवलेल्या पन्हळीत दोष निर्माण होतो तो बहुधा असाच, मध्ये कुठेतरी. टोके कोपऱ्यांच्या आधाराने जागेवर राहतात.

फेशियाची खालची कड समपातळीत आहे असे गृहीत धरून तिच्यापासून मापे घेऊ नयेत. घराची बैठक बदलली असेल किंवा वासे वाकले असतील तर फळीही वाकडी असते, आणि नवीन पन्हळीचा ढाळ पहिल्या दिवसापासून चुकण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

लाकडाची परीक्षा

मोजणी झाल्यावर, आणि ब्रॅकेट हलवण्यापूर्वी, लाकूड तपासावे. जाड टोच्या किंवा स्क्रूड्रायव्हरचे टोक फेशियात, विशेषतः तिच्या वरच्या कडेजवळ आणि जोडांजवळ, दाबून पाहावे. निरोगी लाकूड टोकाला विरोध करते आणि उपसले तर लांब कुसळ निघते. कुजलेल्या लाकडात टोक सहज रुतते आणि लाकडाचा चुरा होतो. रंग वरून चांगला दिसत असला तरी ही परीक्षा टाळू नये, कारण कूज मागच्या, रंग न लावलेल्या बाजूने सुरू होते. शक्य असल्यास छपराच्या आत, माळ्यावरून, वाशांची टोकेही पाहावीत. फळीचा कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून काढावा, नवीन तुकड्याला सर्व बाजूंनी, कापलेल्या टोकांसह, बसवण्यापूर्वीच रंग द्यावा. वाशांची टोके कुजली असतील तर ते काम पन्हळीच्या दुरुस्तीचे राहत नाही. तिथे आधी सुताराला बोलवावे आणि पन्हळीचे काम त्यानंतर हाती घ्यावे.

ढाळ पुन्हा बसवणे

ढाळाची सुरुवात वरच्या टोकापासून ठरवावी, कारण पन्हळ किती वर नेता येईल याची मर्यादा छपराची कड ठरवते. पत्र्याची किंवा कौलाची कड पन्हळीच्या आत चार ते पाच सेंटिमीटर यावी, पण रुंदीच्या मध्यापलीकडे जाऊ नये, नाहीतर जोराचे पाणी पन्हळ ओलांडून बाहेर पडते. वरचे टोक छपराच्या कडेखाली जितके जवळ बसेल तितके बसवून तिथे पहिली खूण करावी. मग लांबीला ढाळाने गुणावे: नऊ मीटर लांबी आणि मीटरमागे तीन मिलिमीटर ढाळ असेल तर पाइपच्या टोकाची खूण वरच्या खुणेच्या समपातळीपासून २७ मिलिमीटर खाली येईल. या दोन खुणांमध्ये लाइनदोरी ताणली की मधल्या प्रत्येक ब्रॅकेटची उंची दोरीच दाखवते, वेगळा हिशेब करावा लागत नाही.

ब्रॅकेटमधील अंतर ६० सेंटिमीटरच्या आसपास ठेवावे आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना, तसेच पाइपच्या तोंडाजवळ एकेक जादा ब्रॅकेट द्यावा. जुन्या, सैल झालेल्या छिद्रात पुन्हा स्क्रू घालू नये. ब्रॅकेट दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरकवावा आणि जुने छिद्र बाहेरच्या वापराच्या भरावाने बुजवावे, कारण उघडे छिद्र ही पाण्याला लाकडात जाण्याची आयती वाट असते. खिळ्यांऐवजी गंजरोधक स्क्रू वापरावेत आणि ते शक्य तिथे फेशियातून वाशाच्या टोकात उतरतील असे बसवावेत. पन्हळ एकाच वेळी पूर्ण उतरवण्याची गरज नसते. मोजणीत एक-दोन जागीच खोलगटपणा आढळला असेल तर तेवढेच ब्रॅकेट सोडून दोरीच्या रेषेत आणावेत.

पीव्हीसीच्या पन्हळीला तापमानाने होणाऱ्या फेरफारासाठी जागा सोडावी लागते. सहा मीटर लांब पीव्हीसी पन्हळ तापमानात ३० अंशांचा फरक पडला की सुमारे ११ मिलिमीटरने लांबते, तर तेवढीच ॲल्युमिनियमची पन्हळ सुमारे ४ मिलिमीटरने. दोन्ही टोके घट्ट आवळली तर ही वाढ मध्ये फुगवटा काढते आणि काळजीपूर्वक बसवलेला ढाळ पहिल्याच उन्हाळ्यात मोडतो.

जोड, पाइपचे तोंड आणि फ्लॅशिंग

जोडात वरच्या बाजूचा तुकडा खालच्या बाजूच्या तुकड्याच्या आत असावा, म्हणजे वाहते पाणी जोडाच्या फटीत शिरत नाही. सीलंट लावण्यापूर्वी पृष्ठभाग कोरडा आणि स्वच्छ करावा. जुन्या सीलंटवर नवीन थर टिकत नाही. पाइपचे तोंड नीट निरखून पाहावे. पुष्कळदा तोंडाची कड पन्हळीच्या तळापेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर आलेली असते, आणि ढाळ बिनचूक असूनही तेवढ्या खोलीचे पाणी कायम राहते. ही कड तळाच्या पातळीत किंवा किंचित खाली बसवावी.

छपराच्या कडेखालून निघून पन्हळीच्या मागच्या कडेवरून आत उतरणारी फ्लॅशिंगची पट्टी नसेल, तर ती याच वेळी बसवावी. ढाळामुळे पन्हळ जिथे छपराच्या कडेपासून खाली उतरत जाते तिथे ही पट्टी तोकडी पडू लागते, म्हणून पाइपच्या टोकाला तिची रुंदी मुद्दाम तपासावी. तांब्याच्या भागावरून येणारे पाणी ॲल्युमिनियम किंवा जस्तलेपित पत्र्यावर पडू देऊ नये, त्याने तो पत्रा झपाट्याने खराब होतो.

पानांसाठी वरून जाळी बसवायची असल्यास ती ढाळ दुरुस्त झाल्यावरच बसवावी. बारीक माती जाळीतून खाली जातेच, आणि साचलेले पाणी जाळीखाली असल्यामुळे दिसेनासे होते.

पाण्याची चाचणी

सीलंट वाळल्यावर वरच्या टोकाला नळीने पाणी सोडावे आणि ते पाइपपर्यंत कसे पोहोचते ते पाहावे. प्रवाहाचे पुढचे टोक कुठे थबकते किंवा बाजूला पसरते, ती जागा खूण करून ठेवावी. पाणी बंद केल्यावर पंधरा मिनिटांनी पन्हळीच्या तळाला ओलसर थर आणि तुरळक थेंब राहिले तर हरकत नाही; मात्र बोट बुडवल्यावर पाणी बाजूला सरकावे एवढे डबके राहिले, तर त्या जागेचा ब्रॅकेट पुन्हा दोरीला लावून पाहावा. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने माळ्यावरून किंवा वळचणीखालून मागच्या कडेकडे लक्ष ठेवावे आणि फेशियाच्या मागे हात फिरवून ती कोरडी असल्याची खात्री करावी. शेवटी पाइपचे तोंड क्षणभर कापडाने बंद करून पन्हळ मुद्दाम भरावी: पाणी पुढच्या कडेवरून सांडले तर आडवी पातळी बरोबर आहे, आणि ते आधी मागून उतरू लागले तर पन्हळ अजून घराकडे कललेली आहे, म्हणून ब्रॅकेट तसेच न ठेवता पुढची कड खाली घ्यावी.

घेतलेली मापे तारखेसह लिहून ठेवावीत. पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि पुढे वर्षातून एकदा, पन्हळ स्वच्छ करताना, त्याच खुणांवर पुन्हा मोजावे. एखाद्या ठिकाणचे अंतर दर वेळी वाढत चालले असेल तर तिथला ब्रॅकेट पुन्हा पुन्हा वर उचलण्यात अर्थ नाही. त्या जागी फेशिया किंवा तिच्या मागचा वासा खचतो आहे, आणि पुढची तपासणी तिथे, आच्छादन उघडून करावी लागेल.